माणूस हरवला तर शोधायचं कसं? स्वयंसेवी शोधपथकांचं काम सोप्या भाषेत

नागपुरातल्या कोणत्याही मोठ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असाल तर असा मेसेज तुम्ही पाहिलाच असेल, "आमचे बाबा सकाळपासून घरी आले नाहीत, वय ७४, अंगात पांढरा सदरा, कोणाला दिसल्यास कळवा." मग लोकं फॉरवर्ड करतात, मोहल्ल्यातली पोरं गाड्या काढतात, एक जण बर्डीकडे जातो, एक स्टेशनवर, दोघं तलावाकडे, आणि रात्री अकराला सगळे परत येऊन म्हणतात की सगळीकडे पाहून झालं. आता सगळीकडे म्हणजे नेमकं कुठे, किती वाजता, पायी पाहिलं की चालत्या गाडीवरून, हे विचारलं तर कोणालाच नीट सांगता येत नाही. मदतीला धावणाऱ्यांची आपल्याकडे कधीच कमी नसते, ती माणसं रात्रभर उपाशी फिरतात हे मी पाहिलेलं आहे, पण शोधायचीसुद्धा एक रीत असते आणि ती आपल्याला कोणी शिकवलेलीच नसते. म्हणून हे जरा सविस्तर लिहून राहिलो.

जगात बऱ्याच ठिकाणी हे काम स्वयंसेवक करतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये डोंगरात कोणी हरवलं तर पोलिस माउंटन रेस्क्यूच्या टीमला बोलावतात, त्या टीममध्ये शिक्षक, सुतार, डॉक्टर, दुकानदार अशी साधी माणसं असतात, आपापला धंदा सोडून येतात आणि एक पैसा घेत नाहीत. कॅनडातही तसंच. आपल्या महाराष्ट्रात सह्याद्रीत ही परंपरा चांगली रुजलेली आहे, लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र, खोपोलीची यशवंती हायकर्स, अशा संस्थांची पोरं दरीत उतरून माणसं काढतात. पण एक गोष्ट सगळीकडे सारखी आहे, शोधाची जबाबदारी पोलिसांची असते आणि स्वयंसेवक त्यांच्या बोलावण्यावर, त्यांच्या हाताखाली काम करतात. पोलिसांना न सांगता स्वतःच पथक काढून निघणं हे या कामात बसत नाही, आणि त्याची कारणं पुढे येतीलच.

पहिले हे समजून घ्या की वेळ जातो तसा शोधायचा भाग किती झपाट्याने वाढतो. समजा एखादा म्हातारा माणूस ताशी ३ किलोमीटरने चालून राहिला, म्हणजे अगदी हळू. एक तास झाला तर तो घरापासून ३ किलोमीटरच्या आत कुठेही असू शकतो, आणि तेवढ्या गोलाचं क्षेत्रफळ होते जवळपास २८ चौरस किलोमीटर. दोन तास झाले तर अंतर दुप्पट, ६ किलोमीटर, पण क्षेत्रफळ दुप्पट नाही तर चौपट होते, ११३ चौरस किलोमीटर. आपलं अख्खं नागपूर महापालिकेचं क्षेत्र सव्वादोनशे चौरस किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे दोन तासात अर्ध्या शहराएवढा भाग झाला, तेही तो बसमध्ये चढला नाही असं धरून. म्हणून "रात्रीपर्यंत वाट पाहू, येतील" यातच सगळ्यात जास्त नुकसान होते. आणि पोलिस २४ तासांशिवाय तक्रार घेत नाहीत ही जी समजूत घराघरात बसलेली आहे ना, ती चुकीची आहे, असा कोणताही कायदा नाही. मोठ्या माणसाची मिसिंगची नोंद लगेच करता येते, आणि हरवलेलं मूल १८ वर्षांच्या आतलं असेल तर सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये बचपन बचाओ आंदोलनच्या केसमध्ये स्पष्ट सांगितलेलं आहे की अपहरण समजून गुन्हाच नोंदवायचा. पोलिसांना आधी कळवण्याचं अजून एक कारण, टॉवरवरून मोबाइलचं लोकेशन फक्त तेच काढू शकतात, तुमचा ओळखीचा टॉवरवाला नाही. तेही लोकेशन म्हणजे नकाशावरचा ठिपका नसतो, शहरात टॉवर जवळजवळ असतात म्हणून भाग लहान निघतो, पण काटोल किंवा देवलापारकडे गेलात तर एकेक टॉवर कितीतरी किलोमीटरचा भाग धरतो. आणि हरवलेल्या माणसाच्या फोनवर घरच्या वीस जणांनी सारखे फोन लावत राहू नये, बॅटरी संपते, आणि ती शेवटची १० टक्के बॅटरीच कधीकधी माणूस शोधून देते.

आता एवढा मोठा भाग, त्यात शंभर माणसं सोडली तरी पुरणार नाहीत, मग करायचं काय? इथे गणित येते, आणि घाबरू नका, दहावीच्या टक्केवारीएवढंच आहे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलाला समुद्रात पाणबुड्या शोधायच्या होत्या, तेव्हा बर्नार्ड कूपमन नावाच्या गणितज्ञाने सहकाऱ्यांसोबत शोधाचं शास्त्र मांडलं. पुढे तेच जमिनीवर हरवलेल्या माणसांसाठी वापरायला लागले. त्यात दोन प्रश्न वेगळे केलेले आहेत जे आपण नेहमी एकत्र करतो. पहिला, माणूस या भागात असण्याची शक्यता किती. दुसरा, तो या भागात असलाच तर आपण ज्या पद्धतीने शोधून राहिलो त्यात तो आपल्याला दिसण्याची शक्यता किती. दोन्हींचा गुणाकार म्हणजे सापडण्याची शक्यता.

एक उदाहरण घेऊ, मनानेच रचलेलं. दाभ्याकडे राहणारे एक काका, विसरण्याचा आजार, पहाटे घरातून निघून गेले. पोलिस, घरचे आणि पथकाचा प्रमुख बसून चार भाग ठरवतात. घराभोवतीच्या गल्ल्या, रिकामे प्लॉट, अर्धवट बांधकामं, इथे ४० टक्के. गोरेवाड्याच्या बाजूचा नाला आणि झुडपी जंगल, ३० टक्के. महालातलं त्यांचं जुनं घर आणि तिकडे जायचा रस्ता, २० टक्के. आणि बाकी सगळं जग, १० टक्के. हे आकडे अंदाजाचे असतात, पण हवेतले नसतात, दोन-चार अनुभवी लोकं आपापले आकडे वेगवेगळे लिहितात आणि मग सरासरी काढतात, कारण एकत्र बसून बोललं की ज्याचा आवाज मोठा त्याचंच खरं होते.

मग घराभोवतीचा भाग शोधला. नीट शोधला, पण बंद घरं होती, काही प्लॉटमध्ये गाजरगवत कंबरेएवढं होतं, म्हणून टीम लीडर प्रामाणिकपणे सांगतो की काका इथे असते तर दिसण्याची शक्यता ७० टक्के होती. काका दिसले नाहीत. आता साधा माणूस म्हणेल तो भाग झाला, पुसून टाका. पण झालेला नाही, ४० मधले ३० टक्के म्हणजे १२ अजून उरले. चारही भागांची बेरीज आता १२, ३०, २०, १० म्हणजे ७२ झाली, ती परत शंभरावर आणली की घराभोवतीचा भाग जवळपास १७ टक्क्यांवर येतो, नाल्याचा भाग ४२ वर चढतो, जुनं घर २८ वर, उरलेलं बाकीच्या जगाला. म्हणजे नाल्याकडे कोणी पाऊलही ठेवलं नाही आणि तरी नाल्याबद्दल आपल्याला जास्त कळलं. पुढची टीम नाल्यात पाठवायची हे आता कोणाच्या डोक्यात आलं म्हणून ठरत नाही, आकडा सांगतो. आणि नाल्यात आणि जुन्या घराकडेही नाही सापडले तर घराभोवतीचा तो १७ टक्केवाला भाग परत वर चढतो आणि तिथे दुसऱ्यांदा जायचं असते, ज्याला लोकं नेहमी विरोध करतात, "अरे तिथं पाह्यलं ना सकाळी."

मला या सगळ्या शास्त्रात सर्वात मोलाची वाटलेली गोष्ट हीच आहे की "इथे नाही सापडला" ही माहिती आहे, ती लिहून ठेवली तर ती पुढच्या माणसाला वाट दाखवते, नाही लिहिली तर ती मेहनत वाया गेली. जून २००९ मध्ये एअर फ्रान्सचं ४४७ नंबरचं विमान अटलांटिक समुद्रात पडलं, दोन वर्षं शोधूनही समुद्राच्या तळाचा मलबा सापडेना. आधी विमानातल्या, समुद्रात आवाजाचे सिग्नल देणाऱ्या बीकनवर भरवसा ठेवून एक भाग तपासला होता आणि सिग्नल आला नाही म्हणून तो संपला असं धरलेलं होतं. नंतर गणितज्ञांनी हिशोब परत मांडला, त्यात बीकन बंद पडले असण्याची शक्यता धरली, तर तोच "झालेला" भाग सगळ्यात वर आला, आणि तिथे शोध सुरू केल्यावर आठवड्याभरात, एप्रिल २०११ मध्ये, मलबा मिळाला, जवळपास ३९०० मीटर खोल. समुद्रात जे झालं तेच दाभ्याच्या प्लॉटमध्ये होते.

पण हे टक्के येतात कुठून? तर हरवणाऱ्या माणसांच्या सवयींतून. अमेरिकेत आणि इतर देशांत झालेल्या हजारो शोधांच्या नोंदी एकत्र करून पाहिलं तर दिसलं की कोण हरवलंय यावर तो कुठे सापडतो हे बरंच अवलंबून असते.

स्मृतिभ्रंश झालेली माणसं बऱ्याचदा एका दिशेने चालतच राहतात, जोपर्यंत काही अडवत नाही तोपर्यंत, कुंपण, नाला, काटेरी झुडूप, आणि मग तिथेच अडकून बसतात. हाक मारली तरी ओ देत नाहीत, कारण आपण हरवलोय हेच त्यांना माहीत नसते. त्यांच्या मनात अजून ३०-४० वर्षं आधीचं नागपूर असते. एम्प्रेस मिलमध्ये आयुष्य काढलेला माणूस सकाळी ड्युटीला निघाला असेल, आणि आज तिथे मॉल आहे, पण पाय तिकडेच वळतील. म्हणून घरच्यांना विचारायचे प्रश्न असे असतात, आधी कुठे राहायचे, नोकरी कुठे, सासर-माहेर कोणत्या गावचं, आधी कधी असे गेले होते का आणि तेव्हा कुठे सापडले होते. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर अनेकदा सोनं असते.

अगदी लहान पोरं, तीन वर्षांच्या आतली, लांब जात नाहीत, कुठेतरी कोपऱ्यात शिरून झोपून जातात. चार ते सहा वयाची हरवली की लपतात. हो, नाव घेऊन हाक मारली तरी लपतात, कारण अनोळखी माणसाशी बोलायचं नाही हे आपणच शिकवलेलं असते आणि आई रागावेल ही भीती वेगळीच. म्हणून मूल हरवलं की सगळ्यात आधी घर, आणि घर म्हणजे नुसत्या खोल्या नाही, दिवाणाचा खण, कपाट, कूलरच्या मागे, जिन्याखाली, गच्चीवरची टाकी, जमिनीतली पाण्याची टाकी, आणि घरासमोर, गल्लीत, मोकळ्या जागेत उभी असलेली प्रत्येक गाडी. जून २०२३ मध्ये आपल्या नागपुरातच पाचपावली भागात तीन लहान मुलं हरवली, घरच्यांनी, पोलिसांनी शोध घेतला, आणि दुसऱ्या दिवशी ती घराजवळ उभ्या असलेल्या एका गाडीत मृत सापडली. हे लिहिताना हात थांबतो, पण लिहिणं भाग आहे. उन्हात बंद गाडीत लहान मूल फार थोडा वेळ तग धरते, त्यामुळे गाडीच्या काचांना हात लावून, आत वाकून, डिकी उघडून पाहणं हे पहिल्या काही मिनिटांतलं काम आहे, पोलिस येईपर्यंत थांबायचं नाही.

जो माणूस निराश होऊन निघून गेलाय, तो सहसा लांब जात नाही, ओळखीची, शांत, लोकांच्या नजरेआडची जागा शोधतो. इथे वेळ अजूनच कमी असतो आणि शोधणाऱ्याने आरडाओरडा न करता जायचं असते. (घरात कोणाबद्दल अशी काळजी वाटत असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, आधीच लावा.)

आणि मग आपल्यासारखे धडधाकट, जे जंगलात रस्ता चुकतात. नागद्वारच्या यात्रेला आपल्याकडून किती लोकं जातात, पचमढीच्या डोंगरात, ऐन पावसाळ्यात, धुकं असं की पुढचा माणूस दिसत नाही. अशात माणूस गोल गोल फिरतो, जुनी माणसं म्हणतात चकवा लागला, आणि ते दिसते तसंच आहे, फक्त कारण वेगळं आहे. जर्मनीच्या एका संशोधन संस्थेने २००९ मध्ये हे तपासलं, लोकांना जंगलात आणि वाळवंटात सरळ चालायला सांगून जीपीएसने माग काढला, सूर्य दिसत होता तोवर लोकं बऱ्यापैकी सरळ गेली, ढगाळ हवेत वर्तुळं करायला लागली आणि त्यांना कळलंही नाही. त्यामुळे हरवलात असं वाटलं की थांबा, एका जागी बसा. अमेरिकेत लहान मुलांना तर हेच शिकवतात, हरवलास तर एका झाडाला धरून तिथेच थांब. थांबलेल्या माणसाभोवतीचा गोल वाढत नाही, आणि सगळं गणित त्याच्या बाजूने काम करायला लागते.

आता पथक प्रत्यक्ष करते काय ते पाहू. टीव्हीवर दाखवतात तशी हातात हात धरून माणसांची लांब रांग, ती फार उशिरा येते, बहुतेकदा येतच नाही. सुरुवातीला निघतात दोन-तीन जणांच्या छोट्या, चपळ टीम, आणि त्या जातात जिथे सापडण्याची शक्यता जास्त आणि पाहायला वेळ कमी लागतो तिथे, म्हणजे पायवाटा, पांदण रस्ते, नाल्याचे काठ, विहिरी, देवळं, बसस्टॉप. त्याच वेळी दुसरं काम चालू करतात ते म्हणजे भाग बंद करणं. हरवलेला माणूस अजून चालत असेल तर तो आपल्या नकाशाच्या बाहेर जाऊ नये म्हणून नाक्यावर, मेट्रो स्टेशनवर, गणेशपेठच्या बसस्टँडवर, टोलनाक्यावर फोटो घेऊन एकेक माणूस उभा करायचा. हे काम कंटाळवाणं आहे, उभ्या माणसाला वाटते आपण काहीच करून नाही राहिलो, पण त्याच्यामुळेच गोल वाढायचा थांबतो. शहरात दुकानांचे सीसीटीव्ही पाहणं यातच येते, आणि ते लवकर पाहावे लागतात कारण बऱ्याच ठिकाणी जुनं रेकॉर्डिंग काही दिवसांत पुसलं जाते. फुटेज पाहताना घड्याळ तपासा, कॅमेऱ्याची वेळ दहा-पंधरा मिनिटं मागेपुढे असली की दिशाच चुकते.

शोधणारे माणूस शोधत नाहीत, खुणा शोधतात. कारण माणूस एकच आहे पण त्याने मागे टाकलेल्या खुणा खूप असतात, चपलेचा ठसा, खर्ऱ्याची पन्नी, तारेला अडकलेला दुपट्ट्याचा धागा, मोडलेली फांदी, नुकतीच ओढून टाकलेली बिडी. आपल्या विदर्भातले वनरक्षक आणि जंगलाच्या कडेने राहणारे गोंड लोकं यात इतके तयार असतात की बाहेरून कोणी शिकवायला यायची गरज नाही. व्याघ्रप्रकल्पात वाघाच्या पावलांचे ठसे उमटावे म्हणून रस्त्यावर बारीक माती पसरून पट्टे करतात, माणूस शोधतानाही अगदी हीच युक्ती वापरतात, संध्याकाळी वाटेवरची माती झाडून सपाट करायची आणि सकाळी पाहायचं कोण गेलं. पेंचसारख्या जंगलात कॅमेरा ट्रॅप, म्हणजे समोरून काही गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरेही असतात, माणूस त्यात दिसू शकतो, म्हणून वनविभागाला पहिल्या तासातच कळवायचं, त्यांचा टोल फ्री नंबर १९२६ आहे.

आणि म्हणूनच गर्दी नको म्हणतात. शंभर जणांची गर्दी ज्या वाटेवरून गेली त्या वाटेवरचा एक ठसा शिल्लक राहत नाही. कुत्र्याचंही तसंच. पोलिसांच्या श्वान पथकाला वास द्यायला हरवलेल्या माणसाने घातलेला कपडा लागतो, न धुतलेला, आणि घरातल्या दहा जणांनी हाताळलेला नसलेला. तो हाताने न उचलता काडीने किंवा उलट्या केलेल्या स्वच्छ पिशवीने उचलायचा, आणि माणूस गेला त्या दिवशी त्याची खोली, अंथरूण, टेबल आवरायचं नाही. आपल्या घरी पाहुणे येणार म्हणून आई पहिले खोलीच झाडते, तिला प्रेमाने थांबवा.

हाक मारण्याचीसुद्धा पद्धत आहे. सगळे एकाच वेळी शिट्टी वाजवतात, घरच्या नावाने हाक मारतात, आणि मग पूर्ण एक मिनिट सगळे गप्प उभे राहतात, पाऊलही हलवत नाहीत. ओरडण्यापेक्षा हा गप्पपणा जास्त महत्त्वाचा, कारण दिवसभर तहानलेल्या माणसाचा आवाज पुटपुटण्याएवढाच निघतो. चालताना दर थोड्या वेळाने मागे वळून पाहायचं, झुडपाच्या या बाजूने जे दिसत नाही ते त्या बाजूने दिसते. दोन माणसांमधलं अंतर किती ठेवायचं हे जमिनीवर ठरते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सागाची पानं गळलेली असतात, जंगल उघडं पडते, लांबवर दिसते, तेव्हा अंतर मोठं ठेवता येते. तेच जंगल सप्टेंबरात असं दाट होते, खाली घाणेरीची झुडपं, वर गवत, की पाच मीटरवर बसलेला माणूस दिसणार नाही. शेतातही तसंच, डिसेंबरात तुरीच्या वावरात उभा माणूस दिसत नाही, धुऱ्याधुऱ्याने चालून उपयोग नाही, ओळीत शिरावं लागते. म्हणून "गोरेवाडा पाहिला" असं लिहिणं अपुरं आहे, कोणत्या महिन्यात, कोणत्या उजेडात, किती अंतर ठेवून पाहिला हेही लिहिलं पाहिजे.

ड्रोनबद्दल लोकांना फार आशा असते. थर्मल कॅमेऱ्याचा ड्रोन खरंच कामाचा आहे, पण तो माणसाचं अंग आणि आजूबाजूची जमीन यांच्या तापमानातला फरक पाहतो. नागपूरच्या मे महिन्यात, जिथे २३ मे २०१३ ला पारा ४७.९ पर्यंत गेला होता, दुपारी दगड आणि माती माणसाच्या अंगापेक्षा गरम असतात, त्या गोंधळात माणूस वेगळा उठून दिसत नाही. पहाटे चार ते सहाला उडवा, तेव्हा जमीन निवलेली असते. दाट झाडोऱ्याखाली तर कोणत्याच वेळी भरवसा नाही. म्हणजे ड्रोन फिरला म्हणून तो भाग शंभर टक्के झाला असं धरू नका, परत तोच टक्केवारीचा हिशोब.

उन्हाचा मुद्दा मी मुद्दाम वेगळा काढतो कारण या विषयावरचं बहुतेक लिखाण थंड देशांतलं आहे, त्यात गारठून मरण्याचीच भीती जास्त असते. आपल्याकडे मार्च ते जूनमध्ये घड्याळ उन्हाचं असते. मोहफुलं आणि तेंदूपत्ता वेचायला लोकं याच दिवसांत जंगलात जातात, पाण्याची एक बाटली घेऊन. उन्हात हरवलेला माणूस सावली आणि पाणी शोधतो, म्हणून नकाशावर आधी पाणवठे, बोअरवेल, नाल्यातले डोह, मोठी झाडं, पुलाखालची सावली यांच्यावर खुणा करा. आणि सापडलेला माणूस उन्हाने बरळत असेल, अंग भाजत असेल, तर आधी सावलीत घेऊन अंगावर पाणी, मानेला, काखेत ओला कपडा, वारा, आणि सोबतच १०८ ला फोन. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही.

हाच ऊन शोधणाऱ्यालाही लागतो. एका माणसाला शोधता शोधता दुसरा हरवला किंवा पडला तर अर्धी ताकद त्याच्यामागे जाते, म्हणून पथकाचा पहिला नियम स्वतःची सुरक्षितता हा आहे. एकट्याने कोणी जात नाही. माणशी निदान तीन-चार लिटर पाणी, ओआरएस, बूट, काठी, शिट्टी, डोक्याला लावायचा टॉर्च, पॉवर बँक, आणि मोबाइलवर जीपीएसचा ट्रॅक चालू, म्हणजे कुठे चाललो ते नंतर नकाशावर उतरवता येते. नाग, मण्यार, घोणस आपल्याकडे सगळीकडे आहेत, रात्री गवतात हात घालायचा नाही. वाघाच्या भागात वनविभागाच्या माणसाशिवाय पाऊल टाकायचं नाही, त्यांनी नाही म्हटलं तर नाही. आणि विहिरी, शेततळी, पाणी भरलेल्या जुन्या खदानी, कठडा नसलेल्या, काठ निसरडे, तिथे दोरी आणि पोहणाऱ्यांची टीम येईपर्यंत काठावरूनच पाहायचं. एसडीआरएफची, म्हणजे राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी नागपुरातच आहे, सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी भरून वाहिला आणि नाग नदीचं पाणी घरात शिरलं तेव्हा लोकांना बोटींतून काढायला ही लोकं रस्त्यावर होती, पाण्यातलं काम त्यांचं आहे.

काही सापडलं, चप्पल असो की कपडा, तर उचलायचं नाही. लांबून फोटो, लोकेशन, वेळ, आजूबाजूला खूण, आणि टीम लीडरला कळवणं. दुर्दैवाने मृतदेह असेल तर अजिबात हात लावायचा नाही, तिथून पुढे ते पोलिसांचं काम आहे, आणि फोटो कोणत्याही ग्रुपवर टाकायचा नाही, घरच्यांना मोबाइलवर कळणं यासारखी क्रूर गोष्ट नाही. ज्या पोरांनी ते पाहिलं त्यांच्याशीही कोणीतरी नंतर बसून बोललं पाहिजे, हे आपल्याकडे कोणी करतच नाही, "मर्द आहे, सहन करेल" म्हणून सोडून देतात.

मेसेज टाकायचाच असेल तर नीट टाका. त्या दिवशीच्या कपड्यांचं वर्णन, शेवटचं कुठे आणि किती वाजता पाहिलं, तारीख, अलीकडचा फोटो, आणि नंबर शक्यतो पोलिस स्टेशनचा. घरच्यांचा नंबर टाकला की "तुमचा माणूस आमच्याकडे आहे, आधी पैसे पाठवा" असे फोन यायला लागतात, आणि त्या अवस्थेत लोकं पाठवतातही. तातडीला ११२, मुलांसाठी १०९८, म्हाताऱ्या माणसांसाठी १४५६७, हे नंबर आजच फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. घरात विसरण्याचा आजार असलेलं कोणी असेल तर सदऱ्याच्या आतल्या बाजूला नाव-नंबर शिवून टाका, दर दोन-तीन महिन्यांनी एक नवा पूर्ण फोटो काढून ठेवा. दीक्षाभूमीला, ताजबागच्या उर्साला, मारबतीच्या मिरवणुकीत लहान पोरं नेताना निघायच्या आधीच एक फोटो काढा, म्हणजे अंगात काय होतं हे आठवावं लागत नाही, आणि खिशात नंबरची चिठ्ठी.

ज्यांना हे शिकायचंय त्यांनी आपल्या जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात चौकशी करा, केंद्राची आपदा मित्र योजना २०१६ पासून आहे, त्यात साध्या नागरिकांना प्रशिक्षण देतात. आणि नागपूरला तर या बाबतीत जुनी परंपरा आहे, नागरी संरक्षणाचं राष्ट्रीय कॉलेज १९५७ मध्ये इथेच सुरू झालं. प्रथमोपचार, नकाशा वाचणं, आणि नोंद ठेवणं, या तीन गोष्टींपासून सुरुवात करा, दोरीवर उतरणं नंतर शिकता येते.

माणूस सापडला की काम संपलं असं वाटते, पण अजून थोडं उरलेलं असते. आधी घरच्यांना, समोरासमोर. मग प्रत्येक टीमला कळवायचं आणि प्रत्येक माणूस परत आला की नाही ते यादीवर खूण करून मोजायचं, कारण नेटवर्क नसलेल्या नाल्यात एखादी टीम रात्रभर शोधत राहू शकते. नाक्यावर उभा केलेला माणूस सोडायचा. पोलिस स्टेशनला जाऊन मिसिंगची नोंद बंद करायची. आणि ज्या ज्या ग्रुपवर फोटो टाकला होता तिथे "सापडले" म्हणून कळवून जुना मेसेज डिलीट करायचा, जिथे डिलीट होत नाही तिथे निदान तारीख टाकून लिहायचं, नाहीतर तो फोटो दोन वर्षांनीही फिरत राहतो आणि काका घरी चहा पीत असताना कोणीतरी अजून त्यांना शोधत असते.